सरकारी शाळा व विद्यार्थ्याचा धर्म

मराठी भाषेंत विद्यारंभाला जे शब्द रूढ आहेत ते देवघरांतून आलेले आहेत. कोणत्याहि कामाचा आपण श्रीगणेशा करतों. एखाद्या शास्त्राचा ओनामाहि ज्याला ठाऊक नाहीं त्याला आपण हंसतों. आणि हा ओनामा म्हणजे ‘ॐ नमः सिद्धम्’ हें वाक्य पंतोजींच्या शाळेंत पिढ्यानपिढ्या पोरांच्या तोंडीं झिजून झालेलें रूप आहे, हें वाचकांस विदित असेलच. मुसलमान घरांतून मूल चार वर्षें, चार महिने व चार दिवसांचें झालें म्हणजे ‘बिस्मिल्ला’चा विधि करून त्याला पहिलें अक्षर शिकविण्याची चाल आहे. तात्पर्य, अक्षर आणि देव हीं दोन्ही मुलाच्या हातीं एकाच दिवशीं पडत. ज्याची त्याची शाळा निराळी होती तोंपर्यंत यांत कांहींच अडचण नव्हती. अडचण उत्पन्न झाली ती एकोणिसाव्या शतकांत, सरकारी शाळा ही नवी वस्तु गांवोगांव आली तेव्हां. सर्वांच्या पैशानें चालणारी आणि सर्वांच्या मुलांना एका दारानें आंत घेण्याचा कबुलीजबाब देणारी ही शाळा. तिच्या उंबऱ्याशीं आलेल्या मुलानें आपला देव बाहेर ठेवावा कीं आंत आणावा, आणि आणल्यास कोठवर आणावा, हा प्रश्न त्या दिवसापासून जो उभा राहिला तो अद्यापि बसलेला नाहीं.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं आम्ही गडहिंग्लजची बाजू मुद्दाम निवडतों. हिरण्यकेशी नदी आंबोलीच्या डोंगरांत उगम पावून आजऱ्यावरून गडहिंग्लजास येते, आणि पुढें थोड्याच कोसांवर संकेश्वरास जाते. पाणी एकच, परंतु राजवटी फार काळ दोन होत्या. गडहिंग्लज हा करवीर संस्थानचा पेटा, तर संकेश्वर बेळगांव जिल्ह्यांतील, म्हणजे खालसा मुलखांतील. १ मार्च १९४९ रोजीं करवीर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, तेव्हां हीं दोन्ही गांवें एका राज्यांत आलीं, आणि साडेसात वर्षांनीं, १ नोव्हेंबर १९५६ रोजीं, भाषावार रचनेंत संकेश्वर म्हैसूर राज्यांत गेल्यामुळें पुन्हां अलग झालीं. या टापूंतल्या बाजारांत मराठी व कानडी दोन्ही चालतात, लिंगायतांची वस्ती मोठी आहे, आणि मुसलमानांच्या घरांतून दखनी ऐकूं येते. अशा ठिकाणीं भेद हा पुस्तकांत वाचून कळावयाचा नसतो; तो दाराबाहेर पाऊल टाकतांच भेटतो.

५ फेब्रुवारी २०२२ रोजीं कर्नाटक सरकारनें शाळा-महाविद्यालयांच्या गणवेशाविषयीं एक आदेश काढला. उडुपी येथील एका सरकारी महाविद्यालयांत मुसलमान मुलींच्या डोक्यावरील वस्त्रावरून जो वाद पेटला होता, त्याचें हें फळ. जेथें गणवेश ठरला आहे तेथें तोच घालावा, असा त्या आदेशाचा मथितार्थ होता, आणि पांच दिवसांनीं उच्च न्यायालयाच्या अंतरिम हुकमानें तो अधिक कडक झाला. महाराष्ट्र सरकारचा तसा कांहींएक आदेश नव्हता. म्हणजे एकाच नदीच्या कांठच्या दोन मुलींपैकीं खालच्या गांवच्या मुलीला वर्गाच्या दाराशीं रुमाल सोडावा लागे, आणि वरच्या गांवच्या मुलीला असें कोणी सांगितलें नव्हतें. या विसंगतीवर पुष्कळ लिहिलें गेलें. परंतु लिहिणारांपैकीं बहुतेकांची दृष्टि दिल्लीकडे वा पॅरिसकडे होती. वरच्या गांवच्या शाळेमागें जो स्वतःचा इतिहास आहे तिकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. तो येथें थोडक्यांत मांडण्याचा आमचा विचार आहे.

खालसा मुलखापासून आरंभ करूं. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यांत, जो वुडचा खलिता म्हणून प्रसिद्ध आहे, सरकारी शाळांनीं धर्माच्या बाबतींत तटस्थ राहावें असें ठरलें. बायबलाची प्रत ग्रंथालयांत असावी. विद्यार्थ्यानें आपण होऊन शाळेच्या वेळेबाहेर कांहीं विचारलें तर शिक्षकानें सांगावें. परंतु वर्गांत धर्म शिकवूं नये. कागदावर हें धोरण निर्दोष दिसतें. त्याची परीक्षा दोनच वर्षांत धारवाडास झाली. १८५६ सालीं तेथील सरकारी शाळेंत एका महार मुलानें प्रवेश मागितला आणि तो नाकारण्यांत आला. मुंबई सरकारपुढें अर्ज गेला तेव्हां सरकारनें तत्त्व मान्य केलें, आणि व्यवहार म्हणून नकार कायम ठेवला. कां, तर एका मुलाला घेतल्यानें बाकीचीं मुलें उठून जातील व शाळा ओस पडेल. हिंदुस्थान सरकारला हें रुचलें नाहीं, आणि पुढें विलायतेच्या संचालकांनींहि शाळा सर्वांना खुल्या असाव्या असेंच सांगितलें. परंतु त्या मुलाच्या शिक्षणाचा काळ कोणाच्या खलित्यासाठीं थांबणार होता? आमच्या मतें या प्रकरणांत तटस्थतेचें सारें मर्म उघडें पडतें. तटस्थ राहणारा जर दुबळा असला, तर त्याची तटस्थता बळवंताच्या बाजूला कलते. त्या काळीं दक्षिणेंत कितीतरी खेड्यांच्या शाळा देवळांत, धर्मशाळेंत किंवा चावडींत भरत. देवळांत भरणारी शाळा धर्माविषयीं तटस्थ आहे असें जें सरकार म्हणतें, त्यानें देवळाच्या पायरीवर कोण थांबतें हें पाहिलेलें नसतें.

मुसलमानांचा प्रश्न सरकारनें निराळ्या रीतीनें हातीं घेतला. १८८२ च्या हंटर कमिशननें त्यांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार केला. त्यांच्या प्राथमिक व माध्यमिक शाळांत हिंदुस्थानी ही मुख्य भाषा असावी, मात्र एखाद्या ठिकाणच्या मुसलमानांना दुसरी भाषा हवी असल्यास ती द्यावी, अशी शिफारस केली. याच कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं आपलें प्रसिद्ध निवेदन दिलें, आणि बद्रुद्दीन तय्यबजींनींहि साक्ष दिली. शिफारशींतील हेतु चांगला होता. तिच्यांतील ‘मात्र’ पुढें कोणी फारसा वाचला नाहीं. कोंकणांतल्या मुसलमानाची घरची बोली मराठीची, सोलापुराकडच्याची दखनी; परंतु सरकारी कागदांत दोघेहि एका खान्यांत बसले, आणि मुसलमान म्हणजे उर्दू हें समीकरण शिक्षणखात्याच्या दप्तरांत कायम झालें. धर्म आणि भाषा यांची ही गांठ मौलवींनीं मारली तितकीच कारकुनांनींहि मारली, असें आम्हांस वाटतें.

आतां करवीर राज्याकडे वळूं. शाहू छत्रपतींनीं २ एप्रिल १८९४ रोजीं राज्यकारभार हातीं घेतला. पांचसहा वर्षांच्या आंत वेदोक्ताचें प्रकरण उद्भवलें, आणि राजाच्या घरच्या पूजेंत कोणते मंत्र म्हणावयाचे हा धर्माचा वाद हां हां म्हणतां नोकऱ्या व शिक्षण यांचा वाद झाला. २६ जुलै १९०२ चा त्यांचा जाहीरनामा सर्वांस परिचित आहे: रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकीं निम्म्या मागासलेल्या वर्गांस द्याव्या, आणि मागासलेले म्हणजे ब्राह्मण, प्रभु, शेणवी, पारशी व अशाच पुढारलेल्या जाति सोडून बाकीचे सर्व. या ‘बाकीचे सर्व’ मध्यें मुसलमान आपोआप आले. त्यांना निराळी कृपा दाखविली नाहीं कीं निराळें पाडलें नाहीं. विद्येंत जे मागें ते मागासलेले, इतकी ती साधी व्याख्या होती. शंभर वर्षांनंतर महाराष्ट्र सरकारला मुसलमानांच्या शिक्षणांतील राखीव जागांसाठीं २०१४ सालीं वटहुकूम काढावा लागला आणि तो कायद्याचें रूप न घेतांच लयास गेला, हें पाहिलें म्हणजे त्या व्याख्येचा सुटसुटीतपणा विशेष जाणवतो.

परंतु जागा राखून ठेवल्या तरी त्यांवर बसणारा शिकलेला माणूस कोठून आणावयाचा? खेड्यांतला मुलगा कोल्हापुरास शिकावयास आला तर राहील कोठें व जेवील कोणाकडे, ही खरी अडचण होती. जेवणाच्या पंक्तीवरच सारी जात उभी असलेल्या समाजांत शाळेचें दार उघडें असून उपयोग नव्हता. शिजलेल्या अन्नाचा प्रश्न सुटल्याशिवाय मुलगा शाळेपर्यंत पोंचत नव्हता. १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें, त्याच सालीं जैनांचें. पुढें लिंगायतांचें, अस्पृश्यांसाठीं मिस क्लार्क वसतिगृह, आणि अशीं करतां करतां वीसांहून अधिक वसतिगृहें कोल्हापुरांत उभीं राहिलीं. मुसलमान समाजांतून मात्र कोणी पुढें येईना. तेव्हां महाराजांनीं कांहीं मुसलमान विद्यार्थ्यांची सोय मराठा बोर्डिंगांतच केली. मग १९०६ सालीं मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि तिचें अध्यक्षपद महाराजांनीं स्वतःकडे घेतलें. इतर जातींच्या बोर्डिंगांना त्यांनीं जागा दिल्या, पैसा दिला, आणि कारभार त्या त्या समाजाच्या पुढाऱ्यांवर सोंपविला. येथें पुढारी तयार होईपर्यंत राजाच पुढारी झाला. शहरांत मोक्याची जागा, इमारतीस पैसा आणि कांहीं पिरांच्या देवस्थानांचें उत्पन्न या संस्थेस लाभलें. दसरा चौकांतील मुस्लिम बोर्डिंग तें हेंच.

पिराच्या उत्पन्नाची ही गोष्ट वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. राज्याच्या खजिन्यांतून धर्मास पैसा द्यावा कीं न द्यावा यावर जगभर काथ्याकूट झालेला आहे. येथें प्रवाह उलटा फिरविलेला दिसतो. धर्मासाठीं ठेवलेला पैसा मुलांच्या वह्या-पुस्तकांकडे वळविला, आणि ज्या धर्माचा पैसा त्याच धर्माच्या मुलांकडे तो गेल्यामुळें तक्रारीस जागा राहिली नाहीं.

आमचें म्हणणें असें कीं, या वसतिगृहांच्या द्वारें करवीर राज्यानें, ठरवून असो वा अडचणींतून वाट काढतांना असो, धर्म आणि शाळा यांच्यामध्यें एक रेघ ओढली. मुसलमान विद्यार्थ्याचें नमाज, रोजे, हलाल अन्न, आणि जैन विद्यार्थ्याचें सूर्यास्तापूर्वींचें जेवण, हें सर्व वसतिगृहांत. सकाळीं निरनिराळ्या स्वयंपाकघरांतून उठलेलीं मुलें शाळेंत एकाच बांकावर. वसतिगृहें निराळीं चालतील, शाळा निराळी चालणार नाहीं, हें सूत्र किती जाणीवपूर्वक होतें याचें प्रत्यंतर १९१९ सालीं आलें. अस्पृश्यांसाठीं असलेल्या स्वतंत्र शाळा महाराजांनीं त्या वर्षीं बंद केल्या आणि त्या मुलांना सर्वांच्या शाळेंत घेण्याचा हुकूम सोडला. मिस क्लार्क वसतिगृह मात्र बंद केलें नाहीं. धारवाडच्या सरकारला जी गोष्ट साठ वर्षांपूर्वीं व्यवहाराबाहेरची वाटली ती एका मांडलिक राजानें करून दाखविली.

या दोन घटनांच्या मध्यें १९१७ चा सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा येतो. मुलाला शाळेंत न पाठविणाऱ्या आईबापांस दरमहा एक रुपया दंड, अशी त्यांत तरतूद होती. त्या काळच्या मजुराला रुपया म्हणजे कांहीं लहान रक्कम नव्हे. या सक्तीचा शिक्षणप्रसाराच्या दृष्टीनें पुष्कळांनीं गौरव केला आहे. परंतु तिच्या दुसऱ्या अंगाकडे दुर्लक्ष झालें. ज्या दिवशीं सरकार बापाला म्हणतें कीं मूल शाळेंत घाल, नाहींतर दंड भर, त्या दिवशीं सरकार स्वतःलाहि एका बंधनांत घालून घेतें. आतां तें मूल जसें आहे तसें शाळेला घ्यावें लागतें. सोवळ्याचें असो, ओवळ्याचें असो, शेंडीचें असो वा टोपीचें असो, ‘असा येऊं नकोस’ म्हणण्याचा अधिकार सक्ती करणाराला उरत नाहीं. कारण तो अधिकार त्यानें वापरला तर एका हातानें मुलाला दाराबाहेर काढावयाचें आणि दुसऱ्या हातानें त्याच्या बापाकडून रुपया घ्यावयाचा, असा प्रसंग येईल. १९१७ चा कायदा आणि १९१९ चा हुकूम यांची संगति आम्ही अशी लावतों.

या चित्रांत एक डाग आहे. १९१९ सालींच राजाराम कॉलेज व हायस्कूल महाराजांनीं आर्यसमाजाच्या हवालीं केलें, आणि कांहीं वर्षें या संस्था त्या समाजाच्या व्यवस्थेखालीं होत्या. वेदांचा अधिकार सर्वांना आहे असें सांगणारा पंथ त्यांना जवळचा वाटला यांत नवल नाहीं. आर्यसमाजाची शिक्षणांतील कर्तबगारीहि मोठी होती. तथापि संस्थानांतील मुसलमान, जैन व लिंगायत मुलें ज्या एकमेव कॉलेजांत जावयाचीं, त्याची व्यवस्था एका धर्मसुधारक पंथाच्या हातीं देणें हें वर सांगितलेल्या रेघेच्या अलीकडे येणें होय. महाराजांचे कांहीं चरित्रकार हा प्रसंग घाईनें उरकतात. आम्हांस तो महत्त्वाचा वाटतो, कारण रेघ ओढणारालाहि ती पाळणें किती कठीण जातें हें त्यांत दिसतें.

दुसरा आक्षेप वसतिगृहांवरच आहे. जातवार वसतिगृहांनीं जाति मोडल्या नाहींत, उलट त्यांना दगडी इमारती बांधून दिल्या, असें म्हणणारे तेव्हांहि होते आणि आजहि आहेत. आक्षेप खोटा नाहीं. दसरा चौकाच्या आसपास फिरतांना इमारतींवरील पाट्या वाचल्या म्हणजे जातींची यादीच वाचल्यासारखें होतें. परंतु ज्यांनीं सर्व जातींचें एकच वसतिगृह काढावयाचें ठरविलें असतें, त्यांच्याकडे १९०६ सालीं किती बापांनीं मुलें पाठविलीं असतीं, याचेंहि उत्तर आक्षेपकांनीं द्यावें.

वसतिगृहांत ठेवतां येतात त्या गोष्टी ठेवल्या. ज्या ठेवतां येत नाहींत त्यांचें काय? पहिली भाषा. महाराजांनीं कुराणाचें मराठी भाषांतर व्हावें म्हणून द्रव्यसाह्य केलें होतें. म्हणजे आपल्या राज्यांतील मुसलमान हा मराठी वाचणारा आहे, असें त्यांनीं गृहीत धरलें होतें. पुढें हमीद दलवाईंनीं, ज्यांचा जन्म चिपळूणजवळच्या मिरजोळीचा, हीच गोष्ट तर्काच्या टोकापर्यंत नेली: महाराष्ट्रांतल्या मुसलमानानें प्रदेशाच्या भाषेंत शिकावें, तरच तो येथल्या जीवनांत मिसळेल. दलवाईंचें म्हणणें आम्हांस पटतें, परंतु तें मुसलमानांनीं मुसलमानांस सांगावयाचें आहे. सरकारनें सांगावयाचें तें इतकेंच कीं, जिल्ह्यांत उर्दू शाळा आहेत आणि मराठीहि आहेत, दोन्हींकडे शिक्षक पुरेसे आहेत, आणि उर्दू शाळेंतल्या मुलाला मराठी इतकी चांगली येते कीं पुढें त्याला कोठें अडूं नये. घटनेच्या ३५० अ कलमानें १९५६ पासून भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेंत मिळण्याची सोय करण्यास सांगितलें आहे. गडहिंग्लजच्या दखनी बोलणाऱ्या मुलाची मातृभाषा कोणत्या खान्यांत घालावयाची, हें त्या कलमानें सांगितलेलें नाहीं. तो खाना अद्यापि हंटरसाहेबाच्या दप्तरांतलाच आहे.

दुसरी गोष्ट इतिहासाची. गडहिंग्लज तालुक्यांत नेसरी आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं सरसेनापति प्रतापराव गुजर व त्यांचे सहा स्वार येथें विजापूरच्या बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले व धारातीर्थीं पडले. या टापूंत वाढलेल्या मुलाला ही कथा पाठ असते, आणि असावीच. प्रश्न असा कीं, वर्गांत ती ऐकतांना शेवटच्या बांकावरचा मुसलमान मुलगा स्वतःला कोठें उभा समजतो? कोल्हापुरांतील मराठी व उर्दू शाळांत जाऊन वेरोनिक बेनेई या फ्रेंच विदुषीनें राष्ट्र, इतिहास व भाषा मुलांच्या मनांत कशीं रुजतात याचा अभ्यास केला, आणि २००८ सालीं तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. त्याचें तात्पर्य थोडक्यांत असें कीं, हें प्रेम धड्यापेक्षां गाण्यांतून, रोजच्या परिपाठांतून व शिक्षकाच्या आवाजांतून मुलांत उतरतें. तसें असेल तर उपायहि शिक्षकाच्याच हातीं आहे. त्यानें कथा पातळ करूं नये, पुरी सांगावी. शिवाजी महाराजांच्या आरमारावर दौलतखान होता आणि विजापूरच्या बाजूला मुधोळचे घोरपडे होते, हें सांगावें. बहलोलखान हा पठाण. नेसरीच्या दुसऱ्याच वर्षीं त्यानें विजापुरांत दखनी पक्षाच्या खवासखानाला कैद करून सत्ता बळकावली आणि पुढें त्याला ठार केलें, हेंहि सांगावें. मग ‘मुसलमान’ ही एक फौज व ‘मराठे’ ही दुसरी, असा जो सोपा नकाशा मुलांच्या मनांत तयार होतो तो टिकत नाहीं, आणि प्रतापरावांच्या शौर्यांतून गुंजभरहि कमी होत नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, कारण ती दिसत नाहीं. दसऱ्याला पुष्कळ शाळांत पाटीपूजन होतें. एकाचे आंकडे मांडून पाटीवर सरस्वती काढावयाची ती हातोटी ज्यांनीं लहानपणीं साधली आहे त्यांना तींत धर्म दिसत नाहीं. शाळेचा वास, गेरू आणि झेंडूचीं फुलें आठवतात. ज्याच्या घरीं चित्राची पूजा निषिद्ध आहे त्या मुलाला मात्र तो धर्म तत्काळ दिसतो. बहुसंख्यांचा धर्म भिंतीच्या रंगासारखा असतो. खोलींत राहणाराला तो रंग आहे हेंच विसरावयास होतें. आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमान्वयें संपूर्णपणें सरकारी पैशानें चालणाऱ्या शाळेंत धर्मशिक्षण देतां येत नाहीं, आणि अनुदान घेणाऱ्या वा सरकारमान्य शाळेंत विद्यार्थ्याला, तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाला, विचारल्यावांचून त्यास धर्मशिक्षणास वा उपासनेस बसवितां येत नाहीं. पाटीपूजन हें धर्मशिक्षण कीं लोकरीत, यावर वकील वाद घालूं शकतील. आम्हांला येथें जूल फेरी आठवतो. फ्रान्सचा हा शिक्षणमंत्री शाळेंतून धर्माचा तास उठविण्याबद्दल प्रसिद्ध आहे. परंतु १८८२ च्या त्याच्याच कायद्यानें आठवड्यांतला रविवारखेरीज आणखी एक दिवस मोकळा ठेवला, तो आईबापांनीं मुलांना शाळेबाहेर धर्म शिकवावा म्हणून. कोल्हापूरच्या वसतिगृहांत जागेनें साधलें तें तेथें वारानें साधलें. दुसऱ्या वर्षीं शिक्षकांना लिहिलेल्या पत्रांत त्यानें एक कसोटी दिली: वर्गांत कांहीं सांगण्यापूर्वीं मनाशीं विचारावें कीं, एखादा बाप येथें बसून ऐकत असता तर त्याला प्रामाणिकपणें हें नाकारावेंसें वाटलें असतें काय, वाटण्यासारखें असेल तर सांगूं नये. पाटीपूजनाला ही कसोटी लावावी. सरस्वती काढणाऱ्या मुलानें काढावी. शेजारच्यानें पाटीवर वेल काढली तर गुरुजींनीं तितक्याच कौतुकानें ती पाहावी.

हाच फ्रान्स १५ मार्च २००४ च्या कायद्यानें मुलांच्या अंगावरील ठळक धर्मचिन्हें सरकारी शाळांतून काढूं लागला. फेरीची कसोटी शिक्षकाच्या तोंडाला होती. नवा कायदा विद्यार्थ्याच्या डोक्याला आहे. या दोन गोष्टींत फार अंतर आहे, आणि आपल्याकडे फ्रान्सचा दाखला देणारे तें बहुधा विसरतात. शाळेनें काय शिकवावें हा सरकारचा प्रश्न. शिकणारानें कसें यावें यांत सरकारचा अधिकार स्वच्छता, शिस्त आणि ओळख पटणें येथवरच असावा, असें आम्हांस वाटतें. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरतें तर या मताला आतां घटनेचाहि आधार आहे. २००२ च्या दुरुस्तीनें शिक्षण हा त्यांचा मूलभूत हक्क झाला, आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलेल्या कायद्यानें प्राथमिक शिक्षण पुरें होईपर्यंत मुलाला शाळेंतून काढतां येत नाहीं.

ही तलवार दुधारी आहे, हें मुसलमान पुढाऱ्यांनींहि ओळखावें. २०१५ च्या जुलैंत महाराष्ट्र सरकारनें शाळाबाह्य मुलांची पाहणी केली तेव्हां, गणित, विज्ञान इत्यादि विषय न शिकविणाऱ्या मदरशांतील मुलें शाळाबाह्य धरावीं असें ठरविलें, आणि त्यावर गहजब झाला. सरकारच्या हेतूविषयीं शंका घेणारांचें आम्ही ऐकून घेतों. पण तत्त्वतः तें ठरविणें चुकीचें नव्हतें, मात्र वेदपाठशाळेंतल्या बटूलाहि तोच न्याय लावला पाहिजे. सच्चर समितीनें २००६ सालीं दाखवून दिलें कीं शाळकरी वयाच्या मुसलमान मुलांपैकीं शेंकडा सुमारें तीनच मदरशांत जातात. तेव्हां प्रश्न संख्येनें लहान आहे. मुलाला सर्वांच्या विद्येपासून दूर ठेवण्याचा हक्क जसा सरकारला नाहीं तसा तो आईबापांनाहि नाहीं, हाच १९१७ च्या रुपया दंडाचा अर्थ होता.

उडुपीच्या मुली चौदा वर्षांवरच्या होत्या. तेथें सक्ती नव्हती, म्हणून आमची वरची युक्ति तेथें जशीच्या तशी लागू पडत नाहीं. कर्नाटक उच्च न्यायालयानें १५ मार्च २०२२ रोजीं सरकारचा आदेश योग्य ठरविला. सर्वोच्च न्यायालयांत १३ ऑक्टोबर २०२२ रोजीं दोन न्यायमूर्तींचीं दोन मतें पडलीं: न्या. हेमंत गुप्ता यांनीं आदेश उचलून धरला, न्या. सुधांशु धुलिया यांनीं तो रद्द ठरवितांना, खेड्यापाड्यांतील मुलीला शाळेपर्यंत पोंचण्यास आधींच किती अडचणी ओलांडाव्या लागतात याकडे लक्ष वेधलें, आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे सोंपविण्यासाठीं सरन्यायाधीशांपुढें ठेवण्यांत आलें. दोन वर्षांनीं तोच वाद मुंबईंत चेंबूरच्या एका महाविद्यालयांत आला. २६ जून २०२४ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें विद्यार्थिनींची याचिका फेटाळली. ९ ऑगस्ट रोजीं सर्वोच्च न्यायालयानें महाविद्यालयाच्या परिपत्रकांतील हिजाब, टोपी व बिल्ले यांसंबंधींच्या भागास स्थगिती दिली. धर्म प्रकट होऊं नये म्हणून हा नियम आहे, असें महाविद्यालयाच्या वतीनें सांगितलें जात असतां न्यायमूर्तींनीं विचारलें कीं, विद्यार्थ्यांच्या नांवांवरून त्यांचा धर्म कळत नाहीं काय. हजेरी घेतांना हीं नांवें रोज सकाळीं मोठ्यानें वाचलीं जातात. १९१७ पासून गडहिंग्लजच्या शाळांतूनहि तीं वाचलीं जात आहेत, आणि ज्याचें नांव येतें तो ‘हजर’ म्हणतो.